चांदणीचं तोंड कुणीकडे?

रील सुरू होतं एका रिकाम्या कोपऱ्यापासून. पांढरी भिंत, लाकडी फरशी, खिडकीतून येणारं मऊ ऊन. एक हात फ्रेममध्ये येतो, चुटकी वाजते आणि त्याच कोपऱ्यात झाड, माळा, लाल मोजे आणि कापसाचा बर्फ उगवतो. खाली अक्षरं येतात: नाताळची सजावट, फक्त ९९९ रुपयांत.

नोव्हेंबरच्या शेवटी मी रोज रात्री असली रील्स बघत होतो. हौस म्हणून नव्हे. ऑक्टोबरमध्ये माझी नोकरी गेली होती. पंधरा मिनिटांचा एक कॉल झाला आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचा ॲक्सेस बंद. बायकोच्या पगारावर नवीन पनवेलच्या वन बीएचकेचं भाडं निघत होतं, बाकीचं बचतीतून. आणि नाताळला आई नगरहून पहिल्यांदाच आमच्या या घरी येणार होती. नोकरीबद्दल तिला काहीच सांगितलं नव्हतं. घर थोडं झगमगीत दिसलं तर तिच्या मनात प्रश्नच येणार नाही, असा माझा साधा हिशोब होता. ऑनलाइन कार्टमध्ये एकेक वस्तू टाकत गेलो. '९९९ मधलं' घर उभं करायला ४,८०० रुपये लागत होते.

तिथे थांबलो आणि तीच रील्स पुन्हा पाहिली, या वेळी खरेदीदार म्हणून नाही तर वाचक म्हणून. आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते. पण ज्या तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांवरून माझ्या वयाची माणसं प्रत्यक्षात आपली घरं मांडतात, त्यांना कुणी गांभीर्याने घेत नाही. मला ते घ्यावंसं वाटलं, कारण त्या तुकड्यांनी मला जवळजवळ फसवलं होतं. खरं तर त्यांच्या मदतीने मीच आईला फसवणार होतो.

जमेची बाजू

आधी त्यांचं देणं मान्य करू. या रील्समधून मी खरंच काही शिकलो. दोन किंवा तीनच रंग घ्यायचे, म्हणजे स्वस्त वस्तूही एकत्र नीट दिसतात. दिवे एकाच छटेचे लावायचे: पिवळसर 'वॉर्म व्हाइट' म्हणजे साधारण २७०० ते ३००० केल्विन. त्यात निळसर पांढरी माळ मिसळली की घराचा दवाखाना होतो. छोट्या वस्तू घरभर पसरण्यापेक्षा एका जागी जमवायच्या. माळेमागे आरसा ठेवला तर दिवे फुकटात दुप्पट. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन तिच्यात माळ सोडली तर कंदील विकत घ्यावा लागत नाही. ही सगळी कामाची अक्कल आहे, आणि ती मराठीत, हिंदीत, मोफत मिळते. आमच्या आयांच्या पिढीला यासाठी कुणाच्या तरी मोठ्या घरी पाहुणं म्हणून जावं लागायचं.

शिवाय कमी पैशांत थाटाचं दिसण्याची ही धडपड काही आजची नाही. झाडावर टांगतात त्या चकचकीत काचेच्या गोळ्यांचंच बघा. जर्मनीतलं लाउशा हे काच फुंकणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथे अशी आख्यायिका सांगतात, की एका गरीब कारागिराला झाडावर टांगायला सफरचंदं आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ते काचेचे केले. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, आज महाग वाटणारा तो गोळा मुळात परवडत नसलेल्या फळाची जागा घेणारा म्हणून ओळखला जातो.

आणि 'व्हायरल' होणारी घरंही जुनीच. १८४८ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापलं. नाताळचं झाड इंग्रजी घरांत लोकप्रिय होण्यात त्या चित्राचा मोठा वाटा होता. गंमत पुढे आहे. १८५० मध्ये अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने तेच चित्र छापलं, पण राणीचा मुकुट काढून आणि अल्बर्टच्या मिशा पुसून! राजघराणं नाहीसं झालं, उरलं एक साधंसं, तुमच्या-आमच्यासारखं वाटणारं अमेरिकन कुटुंब. झाड मात्र राजवाड्यातलंच राहिलं.

आजच्या रीलची सगळी युक्ती मला या एका खाडाखोडीत दिसते. मुकुट काढून टाकायचा आणि सांगायचं, बघा, हे तुम्हालाही जमेल.

माझ्या मशीनवर तर चालतंय

आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे: 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर आधीपासून शंभर गोष्टी बसवलेल्या असतात. त्या तो सांगत नाही, कारण त्याला त्या दिसतच नाहीत. तुम्ही तोच प्रोग्राम तुमच्याकडे चालवता आणि तो कोसळतो.

९९९ च्या रीलमध्येही नेमकं हेच होतं. हिशोबात माळा, रिबिनी आणि झाड धरलेलं असतं. लाकडी फरशी, गुबगुबीत सोफा, उंच छत, मोकळा कोपरा, खिडकीतलं ऊन हे कशातच धरलेलं नसतं. आमच्या हॉलमध्ये रिकामा कोपरा एकच, त्यात वॉशिंग मशीन. भिंतीला अर्धी फिकट हिरवी ओल, गेल्या पावसाळ्याची. त्या भिंतीवर मी ९९९ ची माळ लावली असती तर मला रील मिळालं नसतं, उजेडात आलेली ओल मिळाली असती.

दुसरी न धरलेली गोष्ट वेळ. चुटकीआधीचे तीन तास आणि चुटकीनंतरचा कचरा, दोन्ही कापलेलं असतं. भारतीय घरात ते तीन तास बहुतेक वेळा कुणाचे असतात, हे वेगळं सांगायला नको. 'बजेट' हा शब्द पैशांपुरताच वापरला की बाईचे हात फुकट धरले जातात.

तिसरी गोष्ट हवेची. पनवेलमध्ये डिसेंबरच्या दुपारी पंखा लावावा लागतो. त्या पंख्याखाली कापसाचा बर्फ पसरायचा आणि तो उडू नये म्हणून पंखा बंद करून घामाघूम व्हायचं, हा प्रयोग माझ्या एका मित्राच्या घरी मी डोळ्यांनी पाहिला आहे. यात परकेपणाचा राग नाही. बर्फ न पाहिलेल्या माणसाला बर्फाची हौस असू शकते, ती असावीही. अडचण अशी, की या रील्समध्ये दुसरा नाताळच नाही. जणू हा सण काल मॉलमधून इथे आला.

नगरचा नाताळ

मी नगरचा. आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ मध्ये सुरू झालं. आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं तिथे कित्येक पिढ्यांची. आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या होतात आणि आम्ही त्याला फराळच म्हणतो. पेटी-ढोलकी घेऊन मंडळी रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं आणि कीर्तनं रचली, त्याला आता शंभराहून अधिक वर्षं झाली. हा विश्वास मराठी चालीत बसतो की नाही, हा प्रश्न गाण्यांपुरता तरी तेव्हाच सुटला.

सजावटीपुरता तो पप्पांच्या हातात सुटला होता. दिवाळीत शेजारच्या काकांच्या दारात आकाशकंदील लागायचा आणि डिसेंबरात आमच्या दारात चांदणी. दोन्हींचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, वर पतंगाचा कागद, चिकटवायला कणकेची खळ, आत बल्ब. शेजारच्या कंदिलाची फाटलेली बाजू पप्पा चिकटवून द्यायचे. आमच्या चांदणीसाठी लागणारी शिडी काकांची असायची. लहानपणी मला वाटायचं, ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत.

चांदणीतलं गणित जगात इतरांनाही भुरळ घालून गेलं आहे. जर्मनीतल्या मोरेव्हियन पंथाच्या शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकात भूमिती शिकवताना मुलांकडून कागदी तारे करून घेत. त्यांचा प्रसिद्ध तारा सव्वीस बाजूंच्या घनाकृतीवर उभा असतो: सतरा टोकं चौकोनी बुडाची, आठ तिकोनी बुडाची आणि सव्विसावी बाजू दिवा आत सोडायला मोकळी. वर्गातला अभ्यास पुढे घराघरांची सजावट झाला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नगरची चांदणी, गोव्यात जिला नखेत्र म्हणतात ती चांदणी, दिवाळीचा कंदील, या सगळ्यांचं तोंड बाहेर असतं. घरात बसलेल्याला त्या नीट दिसतही नाहीत. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असतात. मत्तयच्या शुभवर्तमानातला ताराही परगावाहून येणाऱ्यांना वाट दाखवतो. ज्या घरात बाळ आहे त्या घराच्या शोभेसाठी तो नाही. उलट रीलमधल्या प्रत्येक वस्तूचं तोंड कॅमेऱ्याकडे असतं. झाडाची मागची बाजू उघडी असली तरी चालते. दारावर हार असतो, पण तोही दार आतून बंद करून चित्रित केलेला. शेजारी त्या फ्रेममध्ये कुठेच नसतो. मला या प्रकारात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. प्लास्टिक आणि बर्फ त्यानंतर.

हीच कसोटी नाताळगोठ्याला लावून पाहा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली, तेव्हा साहित्य होतं गवत, एक बैल, एक गाढव. बघायला आणि त्यात सामील व्हायला गाव जमलं होतं. आज वसईच्या गावांमध्ये तरुण मंडळी एकत्र येऊन मोठाले गोठे उभारतात, त्यांच्या स्पर्धा होतात, बघायला लोक गावोगाव हिंडतात. घरातल्या लहान गोठ्यासाठी काही कुटुंबं डिसेंबरच्या सुरुवातीला कुंडीत गहू किंवा नाचणी पेरतात. नाताळपर्यंत कोवळं हिरवं गवत तयार होतं. घटस्थापना पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मूठभर धान्य, पाणी आणि दहा-बारा दिवस, एवढंच. यात कापण्यासारखं काही नाही म्हणूनच बहुधा याचं रील होत नाही. चुटकी वाजवून नाचणी उगवत नाही.

आपल्या बाजूचे दोष

असं लिहिताना एक सापळा असतो. जुनं ते साधं, सुंदर आणि निर्मळ, असं ठरवून मोकळं होता येतं. तेही खरं नाही.

पप्पांची चांदणी दोनदा जळली. आत साठ वॉटचा पिवळा बल्ब, बाहेर पतंगाचा कागद. वारा सुटला की कागद बल्बला टेकायचा. एलईडी आल्यावर ही भीती बरीच कमी झाली, आणि त्याचं श्रेय परंपरेला देता येणार नाही. पप्पा चांदणी करायचे तेव्हा आई चार दिवस करंज्या लाटायची. चांदणीचं कौतुक सगळी कॉलनी करायची, करंज्या मात्र लोक नुसत्या खायचे. फुकट हातांबद्दल वर रील्सना बोल लावला, तो आमच्या घरालाही लागू आहे.

आणि थर्माकोल. नव्वदच्या दशकात जन्मलेल्या आम्हा सगळ्यांच्या आठवणीत गणपतीचं मखर आणि नाताळचा गोठा दोन्ही थर्माकोलचे आहेत. तापलेल्या तारेने कापलेल्या त्या पांढऱ्या कमानी आम्हाला फार थाटाच्या वाटत. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा सजावटवाल्यांची धावपळ उडाली आणि पुठ्ठा, कापड, बांबू पुन्हा पुढे आले. म्हणजे साधेपणा आपल्या रक्तातच होता असं काही नाही. स्वस्त मिळालं तर आपणही तेच घेतलं. ९९९ चं प्लास्टिकचं झाड घेणाऱ्याला नाव ठेवण्याआधी हे आठवलेलं बरं. शिवाय तेच झाड दहा वर्षं माळ्यावर जपून दर डिसेंबरात काढणारी घरंही आहेत. त्यांचा वर्षाचा खर्च शंभर रुपये पडतो, आणि त्यांना काटकसर शिकवण्याची गरज नाही.

कामट्या

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आईला फोन केला आणि नोकरीचं सांगितलं. कार्ट तशीच भरलेली होती. बोलायला सुरुवात केली ती 'चांदणीचं माप काय असायचं' इथून, कारण थेट बोलवेना. माप सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, "तू दुपारी दोन वाजता घरी कसा रे?"

मग सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावली थोडी, तेही दोन महिने लपवल्याबद्दल. शेवटी म्हणाली, "कामट्या सारख्या घे. एक जरी मोठी-छोटी झाली तर चांदणी तिरकी बसते. तुझ्या पप्पांची पहिली तशीच बसली होती."

बुरुडाकडून कामट्या आणल्या, ६० रुपये. संक्रांत जवळ आलेली, त्यामुळे पतंगाचा कागद सहज मिळाला. सहा ताव ३० रुपये. दोरा २० रुपये. होल्डर, वायर, पिन मिळून १४० रुपये. एलईडी बल्ब घरातलाच. एकूण २५०.

कृती लिहून ठेवतो, कुणाला करायची असेल तर. दोन फुटांच्या दहा कामट्या. पाच कामट्यांची एक सपाट पाचकोनी चांदणी बांधायची, तशीच दुसरी. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून नऊ इंचांच्या किंचित पुढे खूण करायची. दुसऱ्या कामट्या तिला तिथेच छेदतात. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांधायची. मग आतल्या पाच छेदांवर सहा-सहा इंचांच्या पाच काड्या मध्ये आडव्या अडकवायच्या, की चांदणी फुगते आणि उभी राहते. कागद लावताना मागचा एक तुकडा मोकळा सोडायचा, बल्ब तिथून आत जातो आणि गरम हवा बाहेर येते. बल्ब कागदाला टेकता कामा नये, आणि जोड उघडे ठेवायचे नाहीत. माझी पहिली चांदणी तिरकी झाली. सोडून पुन्हा बांधली.

आता माझाच नियम मला लावतो. २५० च्या या हिशोबात काय धरलेलं नाही? दोन पूर्ण संध्याकाळी, ज्या माझ्याकडे नोकरी नसल्यामुळे होत्या. पप्पांना करताना पाहिल्याची पंधरा वर्षं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींची शिडी. आणि वायर ग्रिलबाहेर काढायला सोसायटीची परवानगी, जिच्यासाठी तीनदा खाली जावं लागलं. रोज दहा तास काम करून लोकलने घरी येणाऱ्या माणसाला मी 'चांदणी हाताने करा' असं सांगणार नाही. त्याने दिवाळीनंतर उतरलेल्या भावात मिळणारा कागदी कंदील घ्यावा, आतला बल्ब बदलावा आणि बाहेर लावावा. बाहेर, एवढंच माझं म्हणणं.

घरात काय केलं? ओल आलेली भिंत तशीच राहिली. बायकोने बरणीत माळ सोडली, ती युक्ती रीलमधलीच. खिडकीत एका ताटलीत नाचणी पेरली होती. उशिरा पेरल्यामुळे नाताळला जेमतेम दोन बोटं वर आली.

२४ तारखेला आई एसटीने पनवेलला उतरली. मी आणायला जाणार होतो, पण तिने ऐकलं नाही; आमची बिल्डिंग तिला माहीत नव्हती आणि आमच्या रांगेतल्या सगळ्या बिल्डिंगा सारख्याच दिसतात. रिक्षातून तिचा फोन आला. मी गल्ली सांगायला लागलो तर म्हणाली, "राहू दे, दिसली."

वर आल्यावर तिने फराळाचा डबा ओट्यावर ठेवला, भिंतीकडे पाहिलं आणि घरमालकाला ओलीबद्दल सांगितलं का, ते विचारलं. मग गॅलरीत जाऊन चांदणीची मागची बाजू तपासली. एक गाठ सैल होती, ती आवळली.

सहा जानेवारीला चांदणी उतरवली. कागद फाटला होता. आईने फोनवरून बजावलं होतं, कामट्या सोडून, दोऱ्याने एकत्र बांधून माळ्यावर ठेव, पुढच्या वर्षी चालतात. तशा ठेवल्या आहेत. कार्टही एकदाची रिकामी केली.